एमजीबीचे इंजिन पुन्हा बांधताना

एमजीबी ही इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात बनलेली स्पोर्ट्स कार. आधी उघडी दोन आसनी गाडी आली, १९६५ मध्ये पक्क्या टपाची जीटी आली, आणि कारखाना बंद होईपर्यंत पाच लाखांहून अधिक गाड्या रस्त्यावर उतरल्या होत्या. इतक्या मोठ्या संख्येमुळे तिचे जवळजवळ सगळे सुटे भाग आजही नवे मिळतात. जुन्या स्पोर्ट्स कारचे इंजिन बांधायला काढताना योजना कशी करावी आणि पैशांचा अंदाज कसा मांडावा, हे समजून घ्यायला म्हणूनच हिच्याइतके सोयीचे उदाहरण नाही. फेरारी किंवा जॅग्वारचे आकडे मोठे असतील, पण कामाचा क्रम हाच राहतो.

एमजीबीत बसवलेले इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी-सिरीज’ घराण्यातले आहे. चार सिलिंडर, १७९८ सीसी, बोअर ८०.२६ मिलिमीटर आणि स्ट्रोक ८८.९ मिलिमीटर. ब्लॉक आणि हेड दोन्ही बिडाचे, कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये, व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि मध्ये पुशरॉड. याच घराण्यातले १४८९ सीसीचे इंजिन हिंदुस्तान मोटर्सच्या ॲम्बॅसडरमध्ये कित्येक वर्षे होते. त्याचा स्ट्रोक तंतोतंत ८८.९ मिलिमीटरच, बोअर मात्र ७३ मिलिमीटरच्या आसपास. ज्यांनी महाराष्ट्रातल्या गॅरेजांमध्ये ॲम्बॅसडरची इंजिने उघडली आहेत, त्यांना एमजीबीचे इंजिन परके वाटणार नाही. मात्र ओळखीचे दिसते म्हणून पिस्टन, रिंगा, गॅस्केट असे मापाचे भाग एकमेकांना चालतील असे समजू नये.

इंजिन खरेच काढायला हवे का

अंदाजपत्रकाची सुरुवात इंजिन गाडीत असतानाच होते. निळा धूर, तेल पिण्याची खोड, चढावर दम तुटणे या तक्रारी ऐकून थेट ‘फुल इंजिन’ काम काढणे ही सर्वांत महाग सवय आहे. निळा धूर झिजलेल्या रिंगांमुळे येतो, तसाच व्हॉल्व्हच्या गाइडमधून तेल उतरल्यामुळेही येतो. पहिल्या कारणासाठी ब्लॉक बाहेर काढावा लागतो, दुसऱ्यासाठी फक्त हेड उतरवून भागते. दोन्हींच्या खर्चात कित्येक पटींचा फरक आहे.

हा भेद करणारी साधने स्वस्त आहेत. इंजिन गरम करून चारही प्लग काढावेत, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवावा आणि प्रत्येक सिलिंडरचे कंप्रेशन मोजावे. एकट्या आकड्यापेक्षा चार सिलिंडरांमधला फरक जास्त सांगतो. साधारण दहा टक्क्यांच्या आत फरक असेल तर काळजी नाही. एखादा सिलिंडर मागे पडला असेल तर त्यात चमचाभर तेल घालून पुन्हा मोजावे. आकडा वर चढला तर रिंगा आणि बोअर दोषी, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम खाली असतील तर त्यांच्यामधले गॅस्केट गेल्याची शक्यता मोठी. हवेचा दाब देऊन गळती मोजणारे उपकरण मिळाले तर आणखी चांगले, कारण हवा कुठून निसटते ते कानाने कळते: सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरमधून आली तर इनलेट, तेल भरण्याच्या तोंडातून आली तर रिंगा.

तळाच्या भागाची प्रकृती तेलाचा दाब सांगतो. इंजिन पूर्ण तापल्यावर चालत्या गाडीत दर चौरस इंचाला ५० ते ८० पौंड आणि आयडलला १० ते २५ पौंड, अशी कारखान्याच्या पुस्तकातली मर्यादा आहे. गाडीतल्या जुन्या मीटरवर विसंबू नये, बाहेरून खात्रीचा मीटर जोडून पाहावे. दाब कमी, आणि ओझे पडले की खालून जड ठोका, अशी जोडी दिसली तर मात्र गाडी लगेच थांबवावी. त्यानंतर चालवलेला प्रत्येक किलोमीटर क्रँकशाफ्टच्या किमतीत भर घालतो. आणखी एक सोपी तपासणी आहे. क्लच दाबला की पुढची क्रँकची पुली डोळ्याला दिसेल इतकी पुढे सरकत असेल, तर मधल्या बेअरिंगजवळचे थ्रस्ट वॉशर झिजले आहेत. ते सुटून पडले तर ब्लॉकलाच इजा होते, म्हणून हे लक्षण दिसताच काम पुढे ढकलू नये.

इंजिनाची ओळख

एमजीबीची सगळी इंजिने वरून सारखी दिसतात, आतून नाहीत. इंजिनाच्या क्रमांकातली पहिली अक्षरे इथे महत्त्वाची. १८जी आणि १८जीए या सुरुवातीच्या इंजिनांमध्ये क्रँकशाफ्टला तीनच मेन बेअरिंग होती. १९६४ च्या अखेरीस आलेल्या १८जीबीपासून ती पाच झाली. १९७० च्या दशकातली इंजिने १८व्ही या अक्षरांनी ओळखली जातात. या प्रवासात पिस्टनची गजन पिन बसवण्याची पद्धतही बदलत गेली: आधी कनेक्टिंग रॉडला बोल्टने आवळलेली, मग दोन्ही बाजूंनी मोकळी आणि सर्क्लिपने अडवलेली, पुढे दाबून बसवलेली. चुकीच्या पिढीचे पिस्टन मागवले तर ते रॉडवर बसतच नाहीत. क्रमांकात पुढे येणारे एच किंवा एल हे अक्षर जास्त की कमी कंप्रेशनचे इंजिन ते सांगते, आणि पिस्टन त्यावरही ठरतात.

गेल्या पन्नास-साठ वर्षांत कित्येक गाड्यांची इंजिने बदलली गेली आहेत. म्हणून पत्र्याची पाटी काय म्हणते यावर न थांबता, झाकणे काढल्यावर आत काय आहे तेही पाहावे. गाडी कारखान्यातून कोणत्या इंजिन क्रमांकाने निघाली हे इंग्लंडमधल्या गेडन इथल्या ब्रिटिश मोटर म्युझियमच्या दाखल्यावरून पडताळता येते. मूळ क्रमांकाचे इंजिन गाडीतच असेल तर ते सांभाळून बांधण्यात अर्थ आहे, कारण गाडीची किंमत त्याच्याशी बांधलेली असते. ते आधीच हरवले असेल तर कुठलाही सुदृढ ब्लॉक चालतो आणि खर्चाचे गणित सैल होते. इंजिन क्रमांक बदलला तर नोंदणीच्या कागदांवरही तो बदलून घ्यावा लागतो, ब्रिटनमध्येही आणि भारतात आरटीओकडेही.

तीन वाटा

पहिली वाट म्हणजे विनिमयाचे तयार इंजिन: जुने द्यायचे, बांधून ठेवलेले दुसरे घ्यायचे. वेळ वाचतो आणि किंमत आधी कळते, पण मूळ क्रमांकाचा ब्लॉक हातचा जातो. अशा व्यवहारात जुन्या इंजिनापोटी अनामत घेतात आणि परत केलेला ब्लॉक तडकलेला किंवा आधीच शेवटच्या मापापर्यंत बोअर केलेला निघाला तर ती परत मिळत नाही. दुसरी वाट संपूर्ण काम एखाद्या तज्ज्ञ कारागिराकडे सोपवण्याची. तिसरी वाट मधली आहे: उघडणे, साफ करणे आणि जुळवणे मालकाने करायचे, मापाचे आणि यंत्रावरचे काम वर्कशॉपकडून करून घ्यायचे. सवडीने काम करणाऱ्या आणि मायक्रोमीटर वाचता येणाऱ्या माणसासाठी ही तिसरी वाट सर्वांत समाधानाची आणि बहुधा सर्वांत स्वस्तही. मात्र ‘हाफ इंजिन’ या नावाखाली झिजलेल्या बोअरमध्ये नुसत्या नव्या रिंगा घालण्याची जी पद्धत आहे, ती इथे टाळावी. लंबगोल झालेल्या बोअरमध्ये गोल रिंग बसत नाही, आणि काही महिन्यांनी गॅस्केटच्या सेटपासून सगळा खर्च पुन्हा करावा लागतो.

मोजमाप आधी, खरेदी नंतर

इंजिन बांधणीत पैसे वाया जाण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे उघडण्याआधी केलेली खरेदी. सूट आहे म्हणून मूळ मापाचे पिस्टन आणि बेअरिंग घेऊन ठेवतात, आणि मग कळते की बोअर ०.७६ मिलिमीटरने वाढवावा लागणार आहे आणि क्रँकही घासावा लागणार आहे. ते खोके तसेच कपाटात राहते. पूर्ण खोलणे, धुणे, मोजणे आणि नंतरच मागणी नोंदवणे, हा क्रम मोडू नये.

बोअर वरच्या टोकाशी, रिंगा जिथे उलटतात तिथे, सर्वांत जास्त झिजतो, आणि पिस्टन ज्या बाजूंवर रेलतो त्या दिशेने लंबगोल होतो. म्हणून प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये, खाली आणि प्रत्येक ठिकाणी काटकोनात दोनदा मोजायचा. सर्वांत झिजलेला सिलिंडर चारींचे माप ठरवतो. मोठ्या मापाचे पिस्टन इंचाच्या हजाराव्या भागात मिळतात: वीस, तीस, चाळीस आणि साठ. साठवर गेले की इंजिन सुमारे १८६८ सीसीचे होते. थोडी ताकद वाढते हे खरे, पण पुढच्या वेळी बोअर करायला धातू उरत नाही. मग कोरडी स्लीव्ह ठोकून ब्लॉक वाचवावा लागतो. बोअर शुद्ध होईल ते सर्वांत लहान माप निवडणे, हाच शहाणपणा. बोअर करण्याआधी नवे पिस्टन वर्कशॉपच्या हातात असले पाहिजेत, कारण चांगला टर्नर खोक्यावरचा आकडा न वाचता प्रत्यक्ष पिस्टन मोजतो आणि त्यानुसार फट सोडतो.

क्रँकशाफ्टच्या प्रत्येक जर्नलचे माप घ्यायचे, आणि घासण्याआधी चुंबकीय पद्धतीने तडा तपासून घ्यायचा. तपासणीचा खर्च किरकोळ असतो. तडकलेला क्रँक घासून, नवी बेअरिंग बसवून, जुळवून मग तुटला तर ब्लॉकसकट सगळे जाते. कॅमशाफ्ट आणि त्यावर चालणारे टॅपेट हे एकमेकांवर घासून जुळलेले असतात. नवा कॅम घातला तर टॅपेटही नवेच हवेत. जुनेच दोन्ही ठेवायचे असतील तर खोलतानाच प्रत्येक टॅपेटची जागा टिपून ठेवायची. तेलाचा पंप आणि टायमिंगची साखळी यांवर काटकसर करू नये. इंजिनाच्या आयुष्याच्या मानाने ही दोन्ही फार स्वस्त आहेत.

बेअरिंग वितळून इंजिन बसले असेल तर आणखी एका भागाकडे लक्ष हवे: ऑइल कूलर आणि त्याच्या नळ्या. धातूचा चुरा त्यात अडकून राहतो आणि नवे इंजिन सुरू होताच तेलासोबत थेट नव्या बेअरिंगमध्ये येतो. कूलर बदलणे हाच त्यावरचा खात्रीचा उपाय. ब्लॉकमधल्या तेलाच्या वाहिन्यांच्या टोकाचे प्लग काढून त्या आतून ब्रशने साफ करणे हेही याच जातीचे काम आहे. वर्कशॉपच्या बिलात त्याची ओळ दिसत नसेल तर विचारून घ्यावे.

हेड आणि शिसे नसलेले पेट्रोल

एमजीबी बनली तेव्हा पेट्रोलमध्ये शिसे असे. ते एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि त्याच्या बैठकीमध्ये पातळ थर धरून राही. ब्रिटनमध्ये शिसेयुक्त पेट्रोलची सर्वसाधारण विक्री १ जानेवारी २००० पासून बंद झाली, आणि भारतातही त्याच वर्षी शिसे हटले. ते संरक्षण गेल्यावर लांब पल्ल्यावर वेगाने पळणाऱ्या इंजिनात व्हॉल्व्ह हळूहळू बिडाच्या बैठकीत रुतत जातो आणि टॅपेटची फट कमी होत जाते. उपाय म्हणजे एक्झॉस्ट बाजूला कडक धातूच्या वेगळ्या बैठका बसवणे. हेड एरवीही वर्कशॉपमध्ये जाणारच असते, म्हणून हे काम पुनर्बांधणीतच उरकावे. नवे गाइड, नवे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि फेसिंगही त्याच फेरीत. त्याआधी हेडची तडा तपासणी हवीच, विशेषतः व्हॉल्व्हच्या बैठकांमधल्या अरुंद भागात. तडा सापडला तर दुरुस्त करण्याच्या नादी न लागता दुसरे हेड शोधणे बरे.

आजच्या पेट्रोलमधले इथेनॉल ही वेगळी अडचण आहे. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल आले, भारतात त्याचे प्रमाण त्याहून जास्त आहे. जुन्या रबरी नळ्या त्याने मऊ पडतात, चिरतात. आगीचा धोका खरा आहे, म्हणून इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या आणि कार्ब्युरेटरचे सील यादीत सुरुवातीलाच लिहावेत.

इंजिन बाहेर आहे तोवर

एमजीबीचा क्लच इंजिन बाहेर काढल्याशिवाय बदलता येत नाही. सहसा इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्रच उचलून काढतात. क्लच प्लेट अर्धी शिल्लक आहे म्हणून तीच परत घातली, तर दोन वर्षांनी तीच सगळी मेहनत पुन्हा. एमजीबीचे रिलीज बेअरिंग कार्बनचे असते आणि झिजते, तेही नवे घ्यावे. इंजिनाची रबरी मांड, ब्लॉकचे पत्र्याचे कोअर प्लग, मागचा तेलाचा सील, रेडिएटरच्या नळ्या हे सारे याच वर्गात मोडते. नवे इंजिन गाळाने भरलेल्या रेडिएटरला जोडणे म्हणजे आत्ताच बदललेले हेड गॅस्केट जाळायची तयारी करणे.

पण याच ठिकाणी अंदाजपत्रक फाटते. इंजिन निघाले की इंजिनाची पोकळी रंगवावीशी वाटते, मग वायरिंग, मग स्टिअरिंग. कसोटी एकच ठेवावी: हे काम नंतर करायचे तर इंजिन पुन्हा काढावे लागेल का? होकार असेल तरच ते या यादीत येते. बाकीचे पुढच्या वर्षी.

ताकद वाढवण्याचा मोहही इथेच होतो. जास्त उचल देणारा कॅम, मोठे व्हॉल्व्ह, वेगळे कार्ब्युरेटर. मूळ एमजीबी सुमारे ९५ अश्वशक्तीची होती आणि तिचा स्वभाव खालच्या फेऱ्यांवर जोर देणारा आहे. शर्यतीचा कॅम हा जोर काढून घेतो आणि शहरात गाडी चालवणे त्रासाचे करतो. रस्त्यावरच्या गाडीसाठी नीट फेसिंग केलेले हेड, बरोबर कंप्रेशन आणि फिरत्या भागांचे बॅलन्सिंग यांवर खर्च केलेला पैसा जास्त सुख देतो. तीन बेअरिंगच्या जुन्या इंजिनाकडून तर वाढीव फेऱ्यांची अपेक्षा करूच नये.

पैशांची मांडणी

अंदाजपत्रक दोनदा करायचे असते: खोलण्याआधी एकदा ढोबळ, मोजमाप झाल्यावर एकदा नेमके. ब्रिटनमध्ये काम करून घेताना रीत कशी असते हे दाखवण्यापुरते काही आकडे मानू. ब्लॉक आणि क्रँकचे यंत्रकाम ९०० पौंड, पिस्टन, बेअरिंग, कॅम, पंप आणि गॅस्केट ११०० पौंड, हेड ६०० पौंड, क्लच आणि बाहेरचे भाग ३५० पौंड. बेरीज २९५० पौंड. यावर २० टक्के व्हॅट म्हणजे ५९० पौंड. हा कर बहुतेक दरपत्रकांत वेगळा लिहिलेला असतो आणि नेमका तोच विसरला जातो. झाले ३५४० पौंड. खोलण्याआधीच्या अंदाजात किमान २० टक्के राखीव ठेवावे, म्हणजे आणखी ७०८ पौंड, एकूण ४२४८ पौंड. मोजमाप झाल्यावर ही राखीव रक्कम दहा टक्क्यांवर आणता येते, कारण मोठ्या अनिश्चित गोष्टी तोवर कळलेल्या असतात. पहिल्याच बेरजेत सगळी शिल्लक संपत असेल तर इंजिन खोलूच नये. टेबलावर सुटे पडलेले इंजिन विकायला गेले तर त्याला चालू इंजिनाच्या मानाने फारच थोडे मिळते.

भारतात बसून हे काम करणाऱ्याच्या गणितात आणखी तीन ओळी येतात: भाग मागवण्याचा वाहतूक खर्च, आयातीवरचा सीमाशुल्क आणि कर, आणि चुकीचा भाग आला तर तो परत पाठवणे जवळजवळ अशक्य असल्याची जोखीम. म्हणून इथे मागणी एकाच वेळी, पूर्ण मोजमापानंतर आणि इंजिन क्रमांक कळवूनच द्यावी. उलट, बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, व्हॉल्व्ह सीटचे काम इथे उत्तम होते. पुणे, मुंबई, कोल्हापूर या शहरांत असे यंत्रकाम करणारे कुशल हात आहेत.

वर्कशॉपशी बोलताना ढोबळ अंदाज आणि बांधील किंमत यांतला फरक कागदावर यावा. कोणते काम, कोणत्या मापापर्यंत, अनपेक्षित काही निघाले तर कोणत्या रकमेपुढे फोन करून विचारायचे, हे लिहून घ्यावे. चांगल्या वर्कशॉपकडे रांग असते. क्रँक परत यायला आठवडे लागू शकतात, म्हणून गाडीची गरज असलेल्या मोसमाच्या आधी, पुरेशा अवकाशाने काम काढावे. ब्रिटनमधले मालक यासाठी हिवाळा निवडतात, महाराष्ट्रात पावसाळा सोयीचा.

जुळवणी आणि पहिले सुरू करणे

जुळवणीत खर्च कमी आणि धीर जास्त लागतो. प्रत्येक बेअरिंगची फट, प्रत्येक रिंगेची फट, क्रँकचे पुढे-मागे सरकणे हे मोजून वहीत लिहायचे. मेन बेअरिंगचे बोल्ट ९५ न्यूटन-मीटर, हेडचे नट ६८ न्यूटन-मीटर, आणि तेही पुस्तकातल्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने. सुरू करण्याआधी प्लग काढून स्टार्टरने इंजिन फिरवत तेलाचा दाब मीटरवर दिसेपर्यंत थांबायचे.

नवा कॅम आणि टॅपेट यांची खरी परीक्षा पहिल्या वीस मिनिटांत असते. इंजिन पकडताच फेऱ्या मिनिटाला २००० ते २५०० च्या दरम्यान न्यायच्या आणि तिथेच थोड्या कमी-जास्त करत ठेवायच्या. आयडलवर सोडले तर कॅमवर पुरेसे तेल उडत नाही आणि त्याची उंची पहिल्याच दिवशी घासली जाते. यासाठी कार्ब्युरेटर, इग्निशन, पाणी हे सगळे आधीच बरोबर जुळलेले असले पाहिजे. पुरेसे जस्त असलेले तेल वापरावे, आधुनिक गाड्यांच्या कित्येक तेलांत ते कमी असते. त्यानंतर पहिले ८०० किलोमीटर फेऱ्या आणि ओझे बदलत ठेवावे. इंजिन ताणू नये, तसेच वरच्या गिअरमध्ये कुंथतही ठेवू नये.

त्या ८०० किलोमीटरनंतर हेडचे नट पुन्हा तपासायचे, टॅपेटची फट मूळ पुस्तकाप्रमाणे थंड इंजिनावर ०.३८ मिलिमीटरवर आणायची, तेल आणि फिल्टर बदलायचे. एमजीबीत जवळजवळ सव्वाचार लिटर तेल लागते. हे दुसरे तेल, दुसरा फिल्टर आणि रॉकर कव्हरचे नवे गॅस्केट पहिल्याच अंदाजपत्रकात लिहून ठेवावे, कारण हा टप्पा पार पडल्यावरच इंजिन बांधून झाले असे म्हणता येते.